गाभण मेंढ्यांना शेवटच्या दीड महिन्यात काय चारताय?

माळावरचा | २० सप्टेंबर, रात्री ९:४०

मंडळी, सांगोला तालुक्यातून लिहितोय. घरी २२ माद्या आहेत, सगळ्या दख्खनी जातीच्या, आणि एक माडग्याळ जातीचा नर. मृगाला नर सोडला. त्याच्या छातीला गेरू आणि तेल चोपडलं होतं, त्यामुळं कोणती मेंढी कोणत्या दिवशी लागली ते वहीत आहे. पहिल्या १४ दहा दिवसांतच लागल्या. म्हणजे नोव्हेंबर उजाडला की व्यायला सुरुवात.

आता मुद्दा. गेल्या साली तीन मेंढ्या विण्याआधीच्या पंधरवड्यात गेल्या. तिघींचं अगदी सारखं. आधी कळपापासून लांब उभी राहायची. मग चारा बंद, दात कराकरा खायची. डोळे उघडे पण दिसत नसावं, कारण गव्हाणीवरच धडकायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आडवी. चुलते म्हणाले नजर लागली, लिंबू उतरवला. शेवटची मेल्यावर पोट फाडून बघितलं तर आत दोन कोकरं, लोकरीसकट तयार. ते काही डोक्यातून जात नाही.

सध्या सकाळी पाच तास माळावर नेतो, संध्याकाळी कडब्याची कुट्टी. खुराक, म्हणजे धान्य-पेंड, काहीच नाही. कडबा संपत आलाय, नवा मार्चशिवाय येत नाही आणि विकत घ्यायचा तर इकडं पेंडी २५ रुपयांच्या पुढं. घरात मक्याची आठ पोती आहेत. काय घालू, किती घालू आणि कधीपासून?

---

शहरी_सोलापूर | २० सप्टेंबर, रात्री १०:०५

मला मेंढीतलं फक्त मटण कळतं, पण धागा वाचणार. बसलोय.

---

पशुवैद्य_पंढरपूर | २० सप्टेंबर, रात्री ११:२०

माळावरचे दादा, लिंबाचा काही दोष नाही, पण नजरही नव्हती. तुम्ही जे लिहिलंय ते वाचून तरी तो प्रेग्नन्सी टॉक्सिमिया, म्हणजे गाभणपणाच्या शेवटी ऊर्जा कमी पडून होणारा आजार वाटतो. पोटात जुळी असणाऱ्या मेंढ्यांना जास्त होतो.

मेंढीचा गाभण काळ साधारण १४७ ते १५० दिवस. पहिले साडेतीन महिने कोकराची वाढ किरकोळ असते. जन्माच्या वेळच्या वजनातलं सुमारे ७० टक्के वजन शेवटच्या सहा आठवड्यांत भरतं. कासही त्याच दिवसांत तयार होते, चीकही तेव्हाच साठतो. मागणी एवढी वाढते आणि नेमकी तेव्हाच पोटातली जागा कमी होते, कारण गर्भपिशवी कोठीपोटाला, म्हणजे चारा साठतो त्या मोठ्या पोटाला, दाबत असते. कडबा हा जागा खाणारा चारा. मेंढी पोटभर कडबा खाते, रवंथ करते, आपल्याला वाटतं पोट भरलं. पोट भरतं, पण भूक शरीराची राहते.

मग ती अंगावरची चरबी वितळवते. यकृताला एवढी चरबी झेपत नाही, रक्तात कीटोन म्हणजे चरबी वितळताना तयार होणारी द्रव्यं वाढतात, मेंदूला साखर पुरत नाही. आंधळेपण, दात खाणं, भिंतीला डोकं टेकून उभं राहणं, सगळं त्यातून येतं. एक गोष्ट लोकांना पटत नाही: हा आजार रोडावलेल्या मेंढीला होतो तसाच फार माजलेल्या, म्हणजे अंगानं जाड झालेल्या मेंढीलाही होतो.

तुमची वही बघता खुराक आजपासूनच सुरू करायला हवा. बरोबर वेळेत विचारलंत. प्रमाण उद्या लिहितो, आत्ता एका गाईच्या बाळंतपणाला निघालोय.

---

बारक्या_वाडेवाला | २१ सप्टेंबर, सकाळी ६:१५

आमचा दीडशे मेंढरांचा फिरता वाडा हाय. दसरा झाला की आमी हलतो, ते माघारी उन्हाळ्यात. आज्यापासनं कुणी मेंढीला खुराक घातला न्हाय. चालती मेंढी दिसाला चाळीस जातीचा पाला खाती, तिला काय कमी? उलट लई चारलं की पोटातलं कोकरू वाढतं आन् इताना अडतं. तुमी बांधून घालणारी माणसं मेंढीला म्हैस करून ठिवता.

---

मंगळवेढेकरीण | २१ सप्टेंबर, सकाळी ८:३०

बारक्यादादा, राग मानू नका, पण तुमचा वाडा ज्याच्या रानात बसतो तो मालक धान्य देतो ना? त्यातली ओंजळभर ज्वारी विलेल्या मेंढीच्या तोंडाला लावताना मी तुमच्याच बायकांना बघितलंय. खुराकच की तो.

आमच्याकडं १२ मेंढ्या, बघते मीच. सासूबाईंची पद्धत सांगते. हुलगे रात्री भिजत घालायचे, सकाळी चुलीवर मऊ शिजवायचे, त्यात ज्वारीच्या कण्या आणि चिमूटभर मीठ. कोमट झालं की प्रत्येकीला एक-एक मूठ. आंबोणच म्हणा. व्यायला महिना राहिला की सुरू. कोकरं ठणठणीत होतात आणि कास भरलेली असते. मालदांडीचा कडबा आमच्याकडं घरचाच, ती एक चैन आहे.

---

आण्णा_माढा | २१ सप्टेंबर, सकाळी ९:१०

हुलगे चांगलेच, पण आता हुलग्याचा भाव बघितला का ताई? माणसं शेंगोळ्या करायला पावशेर घेतात.

---

पशुवैद्य_पंढरपूर | २१ सप्टेंबर, दुपारी १:५०

गाय सुटली, कालवड झाली. आता हिशेब.

तुमच्या दख्खनी माद्या ३० किलोच्या आसपास धरतो. अशा मेंढीला दिवसाला सुमारे एक किलो सुका चारा-खुराक मिळून लागतो. शेवटच्या सहा आठवड्यांत त्यातला २०० ते २५० ग्रॅम खुराक असू द्या. पोट दोन्ही बाजूंनी सुटलेलं असेल, जुळ्यांचा संशय असेल, तर ३५० पर्यंत. पण पहिल्या दिवशी २५० ग्रॅम मका ओतलात तर पोट आंबून मेंढी त्यानंच जाईल. ५० ग्रॅमनं सुरुवात करा आणि दोन आठवड्यांत हळूहळू पूर्ण मापावर या. माप वाढलं की दोन वेळा विभागून घाला.

नुसता मका नको. त्यात ऊर्जा आहे, प्रथिनं कमी, चुना म्हणजे कॅल्शियम तर नाहीच. १०० किलो बनवायचं तर मका भरडा ४५, तुरीची चुनी २०, शेंगदाणा पेंड २०, गव्हाचा कोंडा १२, क्षारमिश्रण २ आणि मीठ १ किलो. पेंड हुंगून घ्या. बुरशीचा वास आला तर स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, गाभडतील.

क्षारमिश्रण मेंढीचंच हवं, गाईचं घालू नका. गाईच्या मिश्रणात तांबं जास्त असतं. मेंढीला तांबं बाहेर टाकता येत नाही, ते यकृतात साठत जातं.

बारक्या म्हणतो त्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. एकच कोकरू, मेंढी आधीच जाड आणि नर माडग्याळ, अशी गाठ पडली तर अडतं. म्हणून पहिलारू मादीला एवढा मोठा नर देऊ नये. पण उपाशी ठेवल्यानं बाळंतपण सोपं होत नाही. कोकरू मरतुकडं होतं, आईला कळा द्यायला ताकद नसते, कासेत चीक नसतो.

---

माळावरचा | २१ सप्टेंबर, रात्री ९:००

डॉक्टरसाहेब, उपकार झाले. हिशेब मांडला: २२ मेंढ्या × २५० ग्रॅम = रोज साडेपाच किलो. ४५ दिवसांचे जवळजवळ २५० किलो. मका घरचा धरूनही बाजारभावानं मोजला तर मला सरासरी २८ रुपये किलो पडतंय. म्हणजे सात हजारांच्या आतबाहेर, मेंढीमागं सव्वातीनशे. गेल्या साली तीन मेंढ्या आणि पोटातली कोकरं गेली, त्यात एका मेंढीचे बाजारात दहा हजार आले असते. गणित पाचवीतल्या पोरालाही कळेल, मला वर्षभर कळलं नाही.

आणखी एक. शेजारच्या कारखान्याचं गाळप सुरू झालं की उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, भरपूर मिळेल, फुकटात. कडब्याऐवजी तेच चारलं तर?

---

आण्णा_माढा | २१ सप्टेंबर, रात्री ९:३५

वाढ्यावर भागवू नका. मी दोन वर्षं केलंय. वाढ्यातलं ऑक्झॅलेट अंगातला चुना धरून ठेवतं. मेंढी व्यायला आली की आधीच चुना कमी, त्यात वाढं. माझी एक मेंढी विण्याच्या आदल्या दिवशी पाय पसरून बसली, उठेना. डॉक्टरनं कॅल्शियम दिलं, अर्ध्या तासात उठून चालायला लागली. जादूच वाटली.

वाढं घालायचंच तर थोडं, आणि जोडीला तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट. डाळवर्गाच्या चाऱ्यात चुना असतो. भुईमुगाचा वाळला वेल मिळाला तर सोन्याहून पिवळं. शेवरी, दशरथ घास बांधावर असेल तर रोज दोन कवळ्या.

---

द्राक्षवाला_कासेगाव | २२ सप्टेंबर, सकाळी ७:४५

तांब्यावरून आठवलं, लिहायलाच हवं. आमच्या भागात ऑक्टोबर छाटणी झाली की बागेतला पाला बांधावर पडतो. मेंढरंवाले मागतात, आपण म्हणतो न्या. त्या पाल्यावर हंगामभर बोर्डो औषधाच्या फवारणीचे हात झालेले असतात. बोर्डो म्हणजे मोरचूद, मोरचूद म्हणजे तांबं. दोन वर्षांपूर्वी एका मेंढपाळानं आमच्याच शिवारातला पाला महिनाभर चारला. मग मेंढ्यांची लघवी कॉफीसारखी, डोळ्यांची पांढरी बाजू पिवळी, आणि पटापट गेल्या. सगळ्यांना वाटलं कुणी विष घातलं. मी स्वतः पाला दिलेला, त्यामुळं आजही त्या माणसाशी बोलताना अवघड होतं.

सांगोल्याकडं डाळिंबावर तेल्या रोगासाठी तांब्याच्या फवारण्या चालतात. बागेतलं गवत काढून आणत असाल तर जपा.

---

माळावरचा | २२ सप्टेंबर, सकाळी ८:२०

बाप रे. चुलत्यांच्या डाळिंबातलंच गवत आणतो मी आठवड्यातून दोनदा. बंद.

---

शहरी_सोलापूर | २२ सप्टेंबर, सकाळी १०:००

मार्केट यार्डात टाकलेल्या कांद्याचे ढीग असतात, तिथं मेंढरं बघतो मी. ते चालतं का? की तेही विषच निघायचं?

---

पशुवैद्य_पंढरपूर | २२ सप्टेंबर, दुपारी २:१०

मेंढी गाईपेक्षा कांदा बराच सहन करते. पण तोच मुख्य चारा झाला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, रक्त कमी होतं. गाभण मेंढीला तोंडीलावण्यापुरता, सडका अजिबात नको.

द्राक्षवाले भाऊंनी लिहिलंय ते खरंच फार महत्त्वाचं आहे. आमच्याकडं अशा केसेस येतात तेव्हा बहुतेक उशीर झालेला असतो, कारण तांबं महिनोन्महिने गुपचूप साठतं आणि एक दिवस यकृत ते एकदम रक्तात सोडतं.

चाऱ्याबरोबर एक काम विसरू नका: विण्याच्या तीन-चार आठवडे आधी आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष होऊन मेंढरं दगावणाऱ्या आजाराची लस. त्याचं संरक्षण चिकातून कोकराला मिळतं. जंताचं औषध द्यायचं तर डॉक्टरला विचारून. विण्याच्या सुमारास जंत वाढतात, पण गाभण मेंढीला कुठलंही औषध आपल्या मनानं नको. आणि मेंढ्या पकडताना पोटाखाली हात घालून उचलू नका.

---

बारक्या_वाडेवाला | २२ सप्टेंबर, रात्री ८:३०

डागदर, तुमचं येक बरोबर हाय. गेल्या साली आमच्याबी चार गेल्या वाटंवर. आमी म्हनलो थंडी लागली. आता वाटतंय तेच असंल. पर दीडशे मेंढरास्नी खुराक कुठनं आनू?

---

पशुवैद्य_पंढरपूर | २२ सप्टेंबर, रात्री १०:४०

दीडशेंना नकोच. हातानं निवडा. मेंढीच्या शेवटच्या बरगडीच्या मागं कमरेवर तळहात ठेवा. मणक्याचं टोक सुरीसारखं टोचलं तर ती रोडावलीय. बोटानं दाबल्यावर मणका लागतो पण वरून गोल वाटतो, ती ठीक. दाबूनही लागत नाही, ती माजलीय. लोकर आहे तोवर डोळ्याला काही कळत नाही, हातच लागतो. दीडशेतल्या टोचणाऱ्या २०-२५ निघतील. त्यांना संध्याकाळी वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, वेगळ्या घ्या आणि त्यांनाच घाला. विणारीला लांब चालवू नका, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

---

बारक्या_वाडेवाला | २३ सप्टेंबर, सकाळी ६:००

हात ठिवून बघितला. १८ निघाल्या. म्हातारी म्हनती हे तर मी बाजारात मेंढी घेताना करतीच की!

---

मंगळवेढेकरीण | २३ सप्टेंबर, सकाळी ९:००

आजीला माझा नमस्कार सांगा.

---

माळावरचा | २४ ऑक्टोबर, रात्री ९:५५

महिन्यानं परत आलोय, घाबरून. खुराक ठरल्याप्रमाणं चालू आहे, लस झाली, डाळिंबाचं गवत बंद. २१ मेंढ्या झकास. पण वहीतली सात नंबर, कान तुटकी, आज सकाळी माळावर मागं राहिली. संध्याकाळी खुराकाजवळ आलीच नाही. कोपऱ्यात उभी आहे. विण्याला दहा-बारा दिवस. सगळं घालून परत तेच? गूळपाणी पाजलंय.

---

पशुवैद्य_पंढरपूर | २४ ऑक्टोबर, रात्री १०:१०

जागे आहात ना? तोंडाचा वास घ्या. गोडसर, पिकल्या फळासारखा येतोय का? तिच्या दोन्ही नाकपुड्या काही सेकंद दाबून धरा, मेंढी बहुतेक लघवी करते. दुकानातून कीटोनची पट्टी मिळाली तर त्यात बुडवून रंग बघा.

गूळपाणी वाईट नाही, पण त्यातली साखर कोठीपोटातले जिवाणूच आधी फस्त करतात, रक्तापर्यंत फारशी जात नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल मिळवा, ते यकृतात जाऊन साखर बनतं, ६० मिली सकाळी, ६० संध्याकाळी. पाजताना मान वर ताणू नका, ठसका लागून फुफ्फुसात जातं. शिरेतून ग्लुकोज आणि गरज वाटली तर कॅल्शियम द्यायला उद्या सकाळीच जवळचा डॉक्टर बोलवा. नाही मिळाला तर १९६२ ला फोन करा, फिरतं पथक असतं. ती अजून उभी आहे, म्हणजे वेळ आहे. आडवी पडल्यावर फार थोड्या वाचतात.

---

माळावरचा | २४ ऑक्टोबर, रात्री १०:४०

वास येतोय. गोड.

---

आण्णा_माढा | २४ ऑक्टोबर, रात्री १०:५५

दादा, रात्री हिरवा पाला हातानं चारून बघा. सुबाभूळ, बोर, काय असेल ते. दोन घास खाल्ले तरी खाल्ले.

---

माळावरचा | २६ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

काल सकाळी डॉक्टर आले, पट्टीचा रंग गडद जांभळा. ग्लुकोज, कॅल्शियम दोन्ही दिलं. ग्लायकॉल पंढरपुरात मिळालं. बायकोनं रात्रभर बोरीचा पाला हातानं चारला. आज सकाळी स्वतःहून दोन मुठी भुसकट खाल्लं. डोळ्यासमोर हात हलवला की मान फिरवते.

आता का झालं ते सांगतो, कारण मला ते काल कळलं. डॉक्टर म्हणाले, खुराक घालता तेव्हा उभे राहून बघता का? मी घालतो आणि धारेला जातो. काल बसून बघितलं. माझी गव्हाण बारा फुटी. एकीला फूट-दीड फूट जागा लागते म्हणतात. म्हणजे एका वेळेला आठ-दहा, फार तर बारा मेंढ्या तोंड घालणार. बाकीच्या मागं. चार दांडग्या आहेत, त्या शेवटपर्यंत हलत नाहीत. कान तुटकी मुळात भित्री, ती मागंच उभी राहायची आणि उरलंसुरलं चाटायची. वहीत तिच्या नावावर रोज २५० ग्रॅम लिहिलेत. तिच्या पोटात ५० सुद्धा जात नव्हते. कमरेवर हात ठेवला तर सुरी. महिनाभर मी हात ठेवलाच नव्हता. दीडशेच्या वाड्यात बारक्यानं ठेवला, माझ्या २२ मध्ये मला जमलं नाही.

दोन पत्र्याचे पन्हाळे उभे चिरून लांब गव्हाणी केल्यात. आता सगळ्या एकदम खातात. भित्र्या तिघी वेगळ्या.

---

बारक्या_वाडेवाला | २६ ऑक्टोबर, रात्री ८:००

आमी लांबट ताडपत्री हातरतो आन् वर धान्य पसरतो. गव्हाण नगं, भांडान नगं.

---

मंगळवेढेकरीण | २७ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

वहिनींना सांगा, विण्याआधी दोन दिवस पाणी कोमट द्यायला. आणि हो, कासेभोवतीची लोकर कातरून ठेवा, कोकराला सड लगेच सापडतो. ग्लायकॉल ती विईपर्यंत सोडू नका, मागच्या वर्षी मी बरी झाली म्हणून तिसऱ्या दिवशी सोडलं आणि परत पडली.

---

पशुवैद्य_पंढरपूर | २७ ऑक्टोबर, दुपारी १:००

ताईंचं शेवटचं वाक्य दोनदा वाचा.

---

माळावरचा | १९ नोव्हेंबर, रात्री ९:२०

उशीर झाला, झोपच नाही महिनाभर. हुलजंतीच्या यात्रेलाही जाता आलं नाही, चुलते एकटेच जाऊन भंडारा घेऊन आले.

१९ विल्या, तीन उशिरा लागलेल्या बाकी आहेत. २३ कोकरं झाली, दोन गेली. एक पहिलारूचं अडलं, डॉक्टर येईपर्यंत गुदमरलं. तिला माडग्याळ नर द्यायला नको होता. ते वहीत लाल शाईनं लिहिलंय. दुसरं कान तुटकीचं. तिला दोन झाली, चार तारखेला पहाटे. एक सव्वादोन किलोचं, उठून दहा मिनिटांत सडाला लागलं. दुसरं किलोभराचं असेल, चीक बाटलीनं पाजला, गोणपाटात शेकोटीजवळ ठेवलं, संध्याकाळी गेलं. आई मात्र व्यवस्थित आहे, चरतेय, एकाला पुरून उरेल एवढं दूध आहे.

बाकी कोकरं वजनकाट्यावर घातली. बहुतेक अडीच-तीन किलो, माडग्याळचा गुण दिसतोय नाकाडावर. गेल्या साली वजन केलंच नव्हतं, त्यामुळं तुलना सांगता येत नाही.

मक्याची तीन पोती उरलीत. आता दूधवाल्या मेंढ्यांना खुराक किती ठेवायचा, डॉक्टरसाहेब? आहे तोच का वाढवू?

---

पशुवैद्य_पंढरपूर | १९ नोव्हेंबर, रात्री १०:३०

वाढवा. पहिले सहा-आठ आठवडे मेंढी दुधावर सर्वांत जास्त खर्च करते. एकाची आई असेल तर ३०० ग्रॅम, जुळ्यांची ४०० पर्यंत, दोन वेळा विभागून. पाणी भरपूर, दुधाची मेंढी पाच-सहा लिटर पिते. नवीन धागा काढा, तिथं कोकरांच्या भरड्याचंही बोलू. तीन राहिलेल्यांच्या कमरेवर मात्र उद्याच हात ठेवा.

---

शहरी_सोलापूर | १९ नोव्हेंबर, रात्री १०:४५

मी पहिल्या दिवसापासून बसलोय. कान तुटकीच्या कोकराचं नाव काय ठेवलं?

---

माळावरचा | २० नोव्हेंबर, सकाळी ६:५०

मेंढराला कुठं नाव असतंय राव. पण बायको बोरी म्हणती.